लेणी-मंदिरं बघायला जाताना: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला आणि पोह्यांच्या गाडीवरची वाफ सकाळी जरा दाट दिसायला लागली की आमच्याकडे फोन सुरू होतात: "यंदा कुठे?" आम्ही इंदुरातली पंधरा-वीस मराठी माणसं, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली. दर हिवाळ्यात डोंगरात कोरलेली देवळं बघायला निघतो. आमच्यात इतिहासाचं कुणी प्राध्यापक नाही. एक निवृत्त बँकवाले आहेत, दोन शिक्षिका आहेत (त्यातली एक मी), एक दाताचे डॉक्टर आहेत आणि बाकीचे गप्पांसाठी येतात. प्रश्न मात्र दरवर्षी तेच असतात. म्हणून यंदा उत्तरं एकदाची लिहूनच काढली.

गुफा, लेणी, कोरीव मंदिर, सगळं एकच ना?

आपण इंदूरकर "एलोरा की गुफाएँ" म्हणत वाढलो, त्यामुळे हा गोंधळ. गुहा निसर्ग करतो, पाण्याने किंवा दरड कोसळून. लेणं माणसाने छिन्नी-हातोडीने केलेलं असतं. मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थ दागिना. अंगावर ल्यायचं तेही लेणं आणि डोंगराने ल्यायलेलं तेही लेणं. हा शब्द हिंदीत नाही, आपल्याकडे आहे, तर तोच वापरावा असा माझा आग्रह. गाडीत कुणी "गुफा" म्हटलं की दहा रुपये दंड असतो आणि त्या पैशातून परतीचा चहा होतो.

कोरीव देवळांचे मोटामोटी दोन प्रकार. पहिल्यात डोंगराच्या पोटात समोरून शिरत जायचं, खांब ठेवायचे, मधला दगड काढायचा आणि शेवटी गाभारा. घारापुरी, उदयगिरी, बदामी ही अशी. दुसऱ्यात डोंगराच्या माथ्यावरून खाली खणत जायचं आणि मधोमध अख्खं देऊळ, शिखरासकट, सुटं करायचं. वेरूळचं कैलास हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. आपल्या मध्यप्रदेशात धर्मराजेश्वर आहे आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळा असे आकडे आहेत, आणि त्यातलं शून्य चक्क आजच्यासारखं गोल काढलेलं आहे. ग्वाल्हेरला माहेर असलेल्या सूनबाईंनी तिथून जाता-येता कधी थांबून बघितलंय का, हे एकदा विचारा. आमच्या गटातल्या तिघींपैकी एकीनेही नव्हतं.

वेरूळ लांब पडतं. जवळपास काही नाही का?

आहे, आणि खरं तर सुरुवात जवळूनच करावी. आधी कैलास बघितलं की नंतरचं सगळं "लहान" वाटायला लागतं आणि माणूस नीट बघतच नाही.

मांडूला लोहानी लेणी आहेत. साध्या खोल्या, शैवांच्या. मांडूला आपण दहादा जातो, पण रूपमतीच्या महालावर फोटो काढून दाल-पानिये खाऊन परततो. पुढच्या वेळी अर्धा तास तिकडे द्या. बाघची लेणी धार जिल्ह्यात कुक्षीच्या बाजूला, इंदूरहून सुमारे दीडशे किलोमीटर. ती बौद्ध आहेत, हिंदू देवळं नव्हेत. पण दगड कसा कोरतात आणि कोरलेला दगड पाण्याने कसा ढासळतो, हे तिथल्यासारखं दुसरीकडे दिसत नाही. नऊपैकी निम्मीच आता धड आहेत. भिंतींवरची चित्रं बरीचशी काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली आहेत, म्हणून "चित्रं कुठायत?" असं तिथल्या चौकीदाराला विचारून त्याला ओशाळं करू नका.

खऱ्या अर्थाने जवळची दोन म्हणजे धर्मराजेश्वर आणि उदयगिरी. दोन्हींबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

धर्मराजेश्वर म्हणजे नेमकं कुठे? कुणी नावच ऐकलेलं नाही.

मंदसौर जिल्ह्यात, चंदवासा गावाजवळ, धमनारच्या टेकडीवर. रेल्वेने यायचं तर शामगढ हे जवळचं स्टेशन. इंदूरहून गाडीने साडेचार-पाच तास धरा. हा मुलूख होळकरांचा रामपुरा-भानपुरा परगणा. भानपुऱ्यात यशवंतराव होळकरांची छत्री आहे, ती त्याच फेरीत होते. राजवाड्यासमोरून रोज स्कूटर नेणाऱ्या आपल्या लोकांनी ती छत्री न बघणं हे माझ्या मते जरा लाजिरवाणंच आहे.

टेकडीवर पोचलात तरी देऊळ दिसत नाही. सपाट माळ, त्यावर गवत, चार-दोन झाडं. आमच्या पहिल्या सहलीत डॉक्टरसाहेब गाडीतून उतरून चिडलेच, "कुठाय तुमचं देऊळ?" मग डोंगरात कापलेली एक अरुंद वाट लागते. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, लांबी सुमारे २८० फूट. ती उतरताना भिंती हळूहळू डोक्यापेक्षा उंच होतात, आवाज घुमायला लागतो आणि एकदम समोर चौक उघडतो. सुमारे १०४ फूट लांब, ६७ फूट रुंद, ३० फूट खोल. मधोमध शिखराचं देऊळ, भोवती सात लहान देवळं, सगळं एका दगडातलं. तुम्ही येताना ज्या माळावर उभे होतात, देवळाचा कळस त्या पातळीला आहे. डॉक्टर नंतर बराच वेळ बोलले नाहीत, आणि हे आमच्या गटात क्वचितच घडतं.

देऊळ आठव्या-नवव्या शतकातलं. मुळात विष्णूचं, आज शिवलिंगही आहे आणि महाशिवरात्रीला जत्रा भरते. टेकडीच्या कडेने पन्नासेक बौद्ध लेणी आहेत, ती याहून जुनी. गावकऱ्यांनी त्यांना नावं दिली आहेत: भीम बाजार, बडी कचहरी, छोटी कचहरी. स्तूपाला बाजार आणि विहाराला कचेरी! राजस्थानचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी कर्नल टॉड १८२१ मध्ये इथे येऊन गेला.

दगड तेवढा नीट बघा. हा वेरूळचा काळा बसाल्ट नाही, जांभा आहे. कोकणातल्या घरांचा असतो तसाच लालसर, भोकं-भोकं असलेला. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही. भिंतीवर बोट टेकवलं तर शिळ्या ढोकळ्याला हात लागल्यासारखं वाटतं. म्हणून इथल्या कोरीवकामावर वरून गिलावा देऊन तपशील काढत. तो गिलावा बहुतेक गेलाय, आणि लोक म्हणतात "काम ओबडधोबड आहे". ओबडधोबड नाही हो, वरचा पापुद्रा गेलाय.

उदयगिरीत काय बघायचं?

विदिशाजवळ. इंदूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर, भोपाळ ओलांडून. सांची तिथून दहा किलोमीटरच्या आत, म्हणून लोक सांचीला चार तास देतात आणि उदयगिरीला वीस मिनिटं. उलटं करा असं म्हणत नाही, पण निम्मं-निम्मं तरी करा.

टेकडीत वीस लेणी, पिवळट वालुकाश्मात. बहुतेक हिंदू, दोन जैन. गुप्तांच्या काळातली आहेत आणि तारीख अंदाजाची नाही. ६ क्रमांकाच्या लेण्यावर गुप्त संवत ८२, म्हणजे इ.स. ४०१-०२ असा कोरलेला लेख आहे, दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या राज्यातला. कैलासापेक्षा साडेतीनशे वर्षं जुनं. हिंदू देवळाचा दगडातला पहिला गिरवणीचा कित्ता म्हणा.

५ क्रमांकाचा वराह हे इथलं मुख्य आकर्षण. माणसाच्या दुप्पट उंचीचा वराह, एक पाय नागाच्या वेटोळ्यावर, आणि दाताला लोंबलेली भूदेवी. पण वराहाकडे बघून झालं की मागच्या भिंतीकडे या. तिथे ऋषींच्या रांगा आहेत, एकावर एक, सगळे सारखेच, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. आणि खाली दगडात पाण्याच्या लाटा कोरल्यात, बारीक नागमोडी रेघा. बाजूच्या भिंतींवर गंगा मगरीवर आणि यमुना कासवावर उभी राहून समुद्राकडे येताहेत. ऊन तिरपं असताना त्या रेघा हलतात असं वाटतं. म्हणून तिथे सकाळी पोचायचं.

४ क्रमांकात एकमुखी लिंग. १३ क्रमांकात पहुडलेला विष्णू. १९ क्रमांकाच्या दारावर समुद्रमंथन. ७ क्रमांकाला "तवा" म्हणतात, कारण वरची शिळा पोळीच्या तव्यासारखी चपटी आहे. आत छतावर कमळ आहे आणि राजाबरोबर इथे आलेल्या वीरसेन मंत्र्याचा लेख. काही लेण्यांना जाळीची दारं लावलेली असतात, मग जाळीतून डोकवावं लागतं. छोटा टॉर्च हवाच.

वेरूळला कसं जायचं आणि किती दिवस हवेत?

आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, शिरपूर, धुळे. तिथून चाळीसगाव, कन्नडचा घाट आणि वेरूळ. गाडीने आठ तास, चहा-नाश्ता धरून नऊ. घाट लागण्याआधी चाळीसगावात चौकशी करून घ्या, तिथे वाहतुकीचे नियम बदलत असतात. दुसरा रस्ता खंडवा-बऱ्हाणपूर-जळगाववरून, त्यात अजिंठा आधी लागतं. रात्रीच्या बसने छत्रपती संभाजीनगरला उतरून तिथून तीस किलोमीटर मागे येणं हा तरुणांचा मार्ग. आमच्या कमरांना तो मानवत नाही.

मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. "सकाळी अजिंठा, दुपारी वेरूळ, संध्याकाळी दौलताबाद, रात्री बस" असा कार्यक्रम आखणाऱ्यांना मी सरळ सांगते: घरीच फोटो बघा, पैसे वाचतील.

मंगळवारी बंद असतं का?

वेरूळ मंगळवारी बंद. अजिंठा आणि घारापुरी सोमवारी बंद. ठळक अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. एका वर्षी मी स्वतः सगळ्यांना मंगळवारी सकाळी सात वाजता वेरूळच्या फाटकाशी नेऊन उभं केलं होतं. डोक्यात सोमवार घट्ट बसला होता, तो अजिंठ्याचा. बावीस माणसं, धपाट्यांचा डबा आणि बंद फाटक. त्या दिवशी घृष्णेश्वराचं दर्शन मात्र अगदी निवांत झालं. अजूनही सहलीची तारीख ठरताना कुणीतरी मुद्दाम विचारतं, "बाई, मंगळवार नाही ना?"

तिकीट, वेळ वगैरे?

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. भारतीयांना वेरूळचं तिकीट चाळीस रुपयांच्या घरात, ऑनलाइन काढलं तर थोडं कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. ३० ते ३४ ही जैन लेणी लांब आहेत, तिकडे जायला आतल्या बसची सोय आहे.

चौतीसच्या चौतीस लेणी बघायची का?

नाही. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हिंदू लेण्यांपैकी १४, १५, १६ (म्हणजे कैलास), २१ आणि २९ घ्यावीत, शिवाय १० क्रमांकाचं विश्वकर्मा आणि ३२ क्रमांकाची इंद्रसभा. तेवढ्याने दिवस भरतो. १५ क्रमांकाच्या दशावतारात दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. राष्ट्रकूटांच्या घराण्याची इथली हजेरी तिथून लागते. त्याच्यानंतर गादीवर आलेला त्याचा चुलता पहिला कृष्ण, आणि कैलासाचं श्रेय मुख्यतः त्याला देतात. काळ आठव्या शतकाचा तिसरा चरण.

कैलास खरंच वरून खाली कोरलंय? चुकलं असतं तर?

होय, वरून खाली. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी खंदक पाडले, दोन लांब आणि मागे एक आडवा. मध्ये दगडाचा प्रचंड ठोकळा उरला. मग शिखरापासून कामाला लागले. मागच्या बाजूचा कडा शंभर फुटांच्या वर आहे, यावरून खोलीचा अंदाज येईल. काढून टाकलेला दगड दीड-दोन लाख टन असावा असा जाणकारांचा अंदाज.

यात सोय मोठी होती, ती आमच्या बँकवाल्यांनी पहिल्यांदा दाखवली. परांच्या (म्हणजे बांबूच्या चौकटी) बांधाव्या लागत नाहीत! जो दगड अजून काढायचा आहे त्यावरच उभं राहून वरचं काम करायचं. वरचं पूर्ण झालं की पायाखालचा दगड काढायचा आणि एक पायरी खाली. शेवटी जमिनीवर उतरलात की देऊळ तयार. अडचणही तेवढीच मोठी. बांधकामात दगड बसला नाही तर दुसरा लावता येतो, इथे एकदा उडालेला कपचा परत चिकटत नाही. खालच्या हत्तीचं माप शिखर कोरतानाच डोक्यात पक्कं असायला हवं.

तो नकाशा अगदी शून्यातून आलेला नव्हता. कर्नाटकात पट्टदकलला विरूपाक्षाचं बांधीव देऊळ आहे, चालुक्य राणी लोकमहादेवीने आठव्या शतकाच्या मध्यात बांधवलेलं. त्याची आणि कैलासाची आखणी इतकी जुळते की दोन्ही बघितलेल्याला ओळख पटतेच. बांधलेलं देऊळ पाहून तेच दगडात खणून काढायचं, ही त्यातली कमाल.

युट्यूबवर म्हणतात परग्रहावरच्या लोकांनी केलं. तुमचं काय मत?

माझं मत असं की परग्रहावरच्यांना छिन्नी लागली नसती. कैलासाच्या मागच्या कड्यावर बाजूने ऊन पडलं की छिन्नीचे तिरपे फटकारे स्पष्ट दिसतात, हजारो. वेरूळमध्ये अर्धवट सोडलेलं कामही भरपूर आहे: नुसते चौकोनी राहिलेले खांब, फक्त आकार काढून ठेवलेल्या मूर्ती. अर्धवट काम बघायला शिका, कारीगर तिथे हाताशी सापडतो.

आणि त्या काळच्या माणसांनाही हे अचाट वाटलंच होतं. राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्क सुवर्णवर्षाचा इ.स. ८१२ चा ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात म्हटलंय की एलापुरावरचं (म्हणजे वेरूळचं) हे देऊळ बघून विमानातले देव थबकले, हे आपोआप उगवलेलं असणार असं त्यांना वाटलं. आणि करणारा शिल्पीही म्हणाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं! देऊळ होऊन जेमतेम चाळीसेक वर्षं झाली असताना लिहिलेलं हे. आपल्या मराठी परंपरेत वेगळी गोष्ट आहे. राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा नेम केला, मग पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पकाराने आधी शिखरच कोरून दाखवलं आणि राणी जेवली. गोष्ट म्हणून सांगा, पण कोरण्याचा क्रम तिनेही बरोबर लक्षात ठेवलाय.

कैलासात शिरल्यावर आधी काय बघायचं?

शिरूच नका. आधी बाजूच्या टेकडीवरची पायवाट उघडी असेल तर वर जा आणि कठड्यामागून खाली बघा. ज्या क्रमाने कोरलं त्या क्रमाने बघायचं, वरून खाली. सभामंडपाच्या छतावर मोठं कमळ आहे आणि त्यावर चालणारे चार सिंह. खाली अंगणात उभ्या असलेल्याला ते कधीच दिसत नाहीत. वरून बघितल्यावरच कळतं की आपण देऊळ बघतोय त्याहून जास्त, त्याच्याभोवतीची काढून टाकलेली जागा बघतोय.

मग खाली या. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सकाळी अंगणात सावली आणि गारवा असतो, तर दुपारनंतर दर्शनी भागावर ऊन येतं. आम्ही दोनदा जातो, सकाळी आणि चारच्या सुमारास. समोर गजलक्ष्मी, मग दोन बाजूंना उंच ध्वजस्तंभ आणि दगडी हत्ती. देवळाच्या जोत्याला हत्ती आणि सिंहांची रांग आहे, जणू त्यांनीच सगळं पाठीवर पेललंय. उत्तरेला महाभारताचे पट्टे, दक्षिणेला रामायणाचे, अगदी चित्रकथेसारखे एकाखाली एक ओळीने.

दक्षिण बाजूलाच रावण आहे, कैलास उचलणारा. खाली अंधाऱ्या कोनाड्यात रावण सगळ्या हातांनी डोंगर हलवतोय. वर पार्वती दचकून शंकराचा आधार घेते, आणि तिची एक सखी पाठ फिरवून चक्क पळून चाललीय. शंकर शांत, फक्त पायाचा अंगठा दाबलेला. लोक रावणाचा फोटो घेतात आणि निघतात. त्या पळणाऱ्या सखीकडे बघा, तिला कशाचं काही पडलेलं नाही.

आम्हाला मूर्ती ओळखता येत नाहीत. अभ्यास करून यावं लागेल का?

घरी आजीने सांगितलेल्या गोष्टी पुरतात. पाच-सहा प्रसंग परत परत येतात: शिवपार्वतीचं लग्न, अंधकासुराचा वध, नटराज, रावण, नृसिंह, वराह, महिषासुरमर्दिनी. रांगेने बसलेल्या बायका आणि काहींच्या मांडीवर मूल दिसलं की त्या सप्तमातृका.

माझा लाडका प्रसंग सारीपाटाचा. २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात बघा. शंकर-पार्वती सोंगट्या खेळताहेत, डाव बहुधा शंकराच्या अंगावर आलाय, आणि खालच्या पट्ट्यात गणांची पोरं नंदीला छळताहेत. वर मालकांचं भांडण, खाली पोरांचा धिंगाणा. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या स्नेहलतागंजच्या जुन्या घरात दुपारी हेच चालायचं, फक्त नंदीच्या जागी आमचा मोत्या असायचा.

तिथे पूजा करता येते का? सोवळं-ओवळं?

कैलास हे आज पुरातत्त्व खात्याचं स्मारक आहे. नमस्कार करा, पण दूध, पाणी, कुंकू, अगरबत्ती नको. दगडावरचं तेल-कुंकू निघत नाही आणि धुराने उरलेसुरले रंग जातात. कैलासाच्या छतांवर रंगवलेल्या चित्रांचे तुकडे अजून आहेत. एके काळी सगळं देऊळ पांढऱ्या गिलाव्याचं होतं, म्हणून त्याला रंगमहाल म्हणत.

अभिषेक करायचाच असेल तर एक किलोमीटरवर घृष्णेश्वर आहे. ज्योतिर्लिंग, रोजची पूजाअर्चा. अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार होळकरांनी केला, अहिल्याबाईंचं नाव तिथे आदराने घेतात, म्हणून इंदूरहून आलो म्हटलं की पुजाऱ्यांचा सूर बदलतो हा आमचा अनुभव. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. थंडीत कुरकुर होते, होऊ द्या.

मूर्ती कुणी फोडल्या?

हा प्रश्न गाडीत निघाला की पुढचे पन्नास किलोमीटर गेले म्हणून समजा. काही मूर्तींवर घाव मुद्दाम घातलेले आहेत, नाक आणि हात नेमके उडवलेले दिसतात. घारापुरीला पोर्तुगीजांच्या काळात बरंच नुकसान झालं आणि तिथला शिलालेख त्यांनी नेला तो कायमचा हरवला, म्हणून ते लेणं नक्की कुणी खोदवलं याचा वाद अजून चालूच आहे. पण दगडाच्या भेगा, झिरपणारं पाणी, लेण्यांत राहणाऱ्यांच्या चुली, गुरं आणि आपल्यासारख्यांनी कोरलेली बदामं-बाण हेही त्याच यादीत आहे. प्रत्येक फुटका हात एकाच माणसाच्या नावावर लिहू नका. घाव आहे की भेग, हे आधी जवळ जाऊन बघा.

गुडघे दुखतात. जमेल का?

कैलासाचं अंगण जमिनीच्या पातळीला, तिथे अडचण नाही. वरच्या सभामंडपात जायचे जिने अंधारे आणि उंच पायऱ्यांचे. ज्यांना नको त्यांनी खाली हत्तींशेजारी बसावं, काही बिघडत नाही. धर्मराजेश्वराला लांब उतार आहे, काठी ठेवा. घारापुरीला शंभरच्या वर पायऱ्या, पण धक्क्यापासून छोटी रेल्वे आणि वर जायला डोली मिळते. आमच्यातल्या एका मावशींनी डोलीत बसायला ठाम नकार दिला, दर दहा पायऱ्यांवर थांबत वर गेल्या आणि सदाशिवाच्या त्या तीन मुखांसमोर पाऊण तास बसून राहिल्या. आम्हालाच त्यांची वाट बघावी लागली.

मुलं कंटाळतात.

त्यांना मोजायला काहीतरी द्या. "सोंड शाबूत असलेले हत्ती किती?" एवढ्यावर दीड तास जातो.

पावसाळ्यात जावं का?

२९ क्रमांकाच्या धुमार लेण्याशेजारी धबधबा पडतो, सीतेची न्हाणी म्हणतात, तो पावसाळ्यातच. डोंगर हिरवे असतात. पण दगड निसरडा, आत अंधार जास्त आणि कन्नड घाटात धुकं. गुडघे धड असणाऱ्यांनी सप्टेंबर धरावा. बाकीच्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये बसाल्ट तापलेल्या तव्यासारखा होतो, तेव्हा सराफ्यात बसून शिकंजी प्यावी.

सोबत काय न्यावं?

पाणी, टॉर्च, टोपी, पायाला घट्ट बसणारे बूट. उग्र अत्तर नको, कड्यांना आग्यामोहोळं असतात. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा, माकडं आपल्यापेक्षा चपळ असतात. एकदा आमचं रतलामी शेवेचं अख्खं पाकीट गेलं आणि ते माकड कैलासाच्या कड्यावर बसून, एकेक शेव वेचून, आमच्याकडे बघत खात होतं. तिकडे मोसमात पेरू आणि सीताफळं चांगली मिळतात, ती परतताना घ्या.

गाइड घ्यावा का?

पहिल्यांदा घ्या, परवान्याचा बिल्ला बघून आणि पैसे आधी ठरवून. मात्र आम्हाला एक भेटला होता तो प्रत्येक खांबाला टिचकी मारून "सुनिए, संगीत!" म्हणायचा आणि वर परग्रहवासीही सांगायचा. मूर्तीतली गोष्ट सांगणारा गाइड चांगला, आकडे आणि चमत्कार सांगणारा टाळावा. दुसऱ्यांदा एकटे जा.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तिकडे काही?

जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. राष्ट्रकूट काळातलं, बसाल्टात कोरलेलं, समोर गोल नंदीमंडप, आणि रोजची पूजा चालू. शेजारून रहदारी वाहत असते आणि पाच पायऱ्या उतरलं की गार. मुंबईला असाल तर जोगेश्वरीचं लेणं भर वस्तीत आहे. घारापुरीची बोट गेटवेवरून, तासाभराचा प्रवास.

तुमच्याबरोबर येता येईल का?

येईल. अटी तीन. सकाळी पाचला गाडी सुटते, पोहे वाटेत, त्यासाठी थांबणार नाही. लेण्यात मोबाइलवर गाणी नाहीत. आणि "गुफा" म्हटल्यास दहा रुपये. यंदा जानेवारीत पुन्हा धर्मराजेश्वर-भानपुरा ठरतंय. वार शनिवार-रविवार आहे, मी तीनदा तपासलाय.